डावं पाऊल

"हातची मॅच घालवलीस, हातची!" मनोहररावांनी पोळीचा तुकडा ताटात टाकला. "पोरगा म्हणतोय पाय ठीक आहे. मी शुक्रवारी स्वतः वाकवून, वळवून पाहिला. एक्स-रे स्वच्छ. चाळीस वर्षं हाडांचाच डॉक्टर होतो ना मी?"

"बाबा, तो डावं पाऊल लवकर उचलत होता," चारुदत्त म्हणाला.

"लवकर म्हणजे किती?"

"किती ते नाही सांगता येत. पण लवकर."

"ऐकलंस, शैलजा? आठ मिनिटं उरलेली आणि टीमचा सगळ्यात चांगला प्लेयर याने बाहेर बसवला!"

"अहो, आमटी गार होतेय," शैलजाताई म्हणाल्या. बापलेकांच्या मध्ये पडणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

चारूने मेडिकलचा नाद सोडून अमेरिकन फुटबॉल धरला, तेव्हापासून हे चाललं होतं. कॅरीतल्या या त्याच्या घरापासून तासाभरावरच्या एका छोट्या कॉलेजात तो तेवीस वर्षं कोच होता. छोटं कॉलेज म्हणजे ना स्कॉलरशिप, ना टीव्ही. मैदानावरचे पांढरे पट्टे चारूच मारायचा, नव्वद जर्सी धुवायला टाकायच्या त्याही त्यानेच. एखाद्या पोराची आई आजारी पडली तर गाडी काढून त्याला घरी सोडून यायचा. तिकडे आपल्या गावी, आयसेलिनमध्ये, कुणी विचारलं तर मनोहरराव "मुलगा एज्युकेशनमध्ये आहे" एवढंच सांगत. यंदा कॉलेजने बजावलं होतं, हरण्यापेक्षा जिंकणं जास्त झालं तरच करार पुढे. शनिवारची मॅच त्यासाठी जिंकायलाच हवी होती.

"गुरुनाथने त्याच्या हॉस्पिटलच्या ऑफिसात तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय," मनोहरराव म्हणाले. "आणखी किती थांबेल तो? पन्नाशीला आलास, अजून शिट्ट्या फुंकतोयस."

चारूच्या बायकोने, उत्तराने, नवऱ्याकडे पाहिलं. चारू हात धुवायला उठला.

सोमवारी त्याने ट्रॅव्हिसला, त्या बाहेर बसवलेल्या पोराला, हट्टाने एमआरआयला नेलं. मनोहररावही गेले, खरं तर आपलंच बरोबर निघताना बघायला गेले. स्क्रीनवर चित्र आलं आणि ते खुर्चीतून उठले. डाव्या मांडीच्या हाडाच्या मानेत, खुब्यापाशी, वरच्या अंगाला, एक्स-रेत न दिसलेली केसाएवढी चीर. आणखी एक धडक आणि हाड सरकलं असतं. असे खुबे त्यांनी ऑपरेशनला उघडले होते. पोरगा जन्माचा लंगडा झाला असता.

"दुखत होतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तीन आठवडे, सर," ट्रॅव्हिस जमिनीकडे बघत म्हणाला. "पण खेळायचं होतं."

घरी येऊन त्यांनी मॅचचा व्हिडिओ मागून घेतला. एकदा पाहिला, दहादा पाहिला, हळू करून पाहिला. कोणता पाय बघायचा ते आता ठाऊक होतं, तरी दिसेना. हेल्मेटं घातलेली धिप्पाड पोरं एकमेकांवर आदळत होती, बस.

"कुठे रे?"

चारूने स्क्रीनवर बोट टेकवलं. "हे बघा, इथे. फर्स्ट इयरपासून बघतोय ना त्याला."

मनोहररावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काही नाही. वर्षाला नव्वद पोरं, अशी तेवीस वर्षं, आणि हा प्रत्येकाचं चालणं डोळ्यांत घेऊन उभा. इतक्या वर्षांत एक्स-रेवाचून त्यांनी कधी हाडाबद्दल शब्द काढला नव्हता. आपल्या पोराला हे येतं आणि आपण त्याला कधी विचारलंही नाही.

मंगळवारी जेवताना चारू म्हणाला, "कॉलेजचं पत्र आलं. संपलं तिथलं. बाबा, गुरुनाथकाकांना हो म्हणून सांगा."

उत्तराच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. तेवीस वर्षं मनोहररावांना हेच ऐकायचं होतं.

त्यांनी वरणभात नीट कालवला.

"गुरुनाथला मी दुपारीच फोन केला," ते म्हणाले. "चारू येणार नाही, तो कोच आहे, असं सांगून टाकलंय. आता दुसरं कॉलेज शोधायचं. हॉस्पिटलचा विषय या घरात संपला."