ताठण्याआधी

ईरप्पा गुळव्या होता. कसबा बावड्याच्या गुऱ्हाळावर काहिलीतला रस कधी उतरवायचा, हे त्याच्या शब्दावर ठरे. उतरवलेला पाक घट्ट व्हायच्या आत भांड्यात भरावा लागतो. एकदा बसला की त्याला आकार देता येत नाही. शिवकुमारच्या, त्याच्या थोरल्या मुलाच्या, फाशीवर २००० साली हायकोर्टानं शिक्कामोर्तब केलं, तेव्हा ईरप्पाच्या मनात पहिल्यांदा हेच आलं.

ईरप्पा लिंगायत. त्यांच्यात मेलेल्याला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि बसलेलाच पुरतात. अंग ताठण्याआधी हे करावं लागतं. तुरुंग पुण्याला. तिथून मुलगा कोल्हापुरात पोचेपर्यंत तो लाकूड झालेला असणार.

शिवकुमारनं दागिन्यांसाठी शेजारच्या कृष्णातला आणि त्याच्या बायकोला मारलं होतं. कोर्टात तो नाही म्हणाला. जाळीपलीकडून बापाला मात्र म्हणाला होता, "अप्पा, मीच केलं." त्यानंतर ईरप्पानं त्याच्या निर्दोषपणाची गोष्ट कुणाजवळ काढली नाही.

पुढच्या भेटीला तो तुरुंगाधिकाऱ्यांसमोर उभा राहिला.

"दयेच्या अर्जाचं वकिलाला विचारा," ते म्हणाले.

"दया न्हाय मागत, साहेब. फासावरनं खाली उतरवल्यावर त्याला लगेच बसवाल काय? मांडी घालून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "असं आजवर कोणी मागितलं नाही."

"आमच्यातलं कोण आलं नसंल."

"देह ताब्यात मिळेलच, असंही नाही."

"न्हाय दिला तर हितंच पुरा. पर बसवून."

घरी येऊन त्यानं हे बायकोला, निर्मलाला, सांगितलं. ती नळावर बोलून बसली. दुसऱ्या दिवशी कृष्णातची आई शालूबाई दारात उभी.

"व्हय रं ईरप्पा, लेकाला बसवायला सांगून आलास म्हणं?"

"व्हय."

"माझा कृष्णात गाठोड्यात बांधून दिला दवाखान्यानं. तोंड बघू दिलं न्हाय. त्याला कसा न्यायचा, म्हणून मला इचारलं कुणी?"

"न्हाय इचारलं."

"मग?"

"इचाराय पायजे हुतं, काकू."

भांडायला आलेली शालूबाई मागं वळली. "तुझा टांगला जाईस्तवर मी मरत न्हाय, एवढं ध्यानात ठेव," म्हणाली आणि गेली. निर्मलानं त्या दिवसापासून नळाची वेळ बदलली.

२००३ मध्ये सुप्रीम कोर्टानं फाशीची जन्मठेप केली. गुऱ्हाळमालक पेढे आणायला निघाले, तेव्हा ईरप्पानं त्यांचा हात धरला. "गल्लीत शालूबाई हाय." त्या संध्याकाळी तिच्या घरात दिवा लागला नाही. ईरप्पा दोनदा तिच्या दारापर्यंत गेला. कडी वाजवली नाही.

पुढच्या भेटीला तुरुंगात तेच साहेब भेटले. हसून म्हणाले, "सुटलात. आता ते बसवायचं डोक्यातून काढा."

"ऱ्हाऊ द्या की, साहेब."

"अहो, फाशी रद्द झाली."

"झाली. पर हितं म्हातारा हून बी मरंल की. तवा मी असंन, नसंन."

साहेबांची बदली ठरली होती. तसं ते म्हणालेही. ईरप्पा म्हणाला, "मग नव्या साहेबाला सांगून जावा."