खांड्याचं लग्न

"मॅडम, खाली एक बाई आल्यात. म्हणतात, तुम्ही माझ्या आईला ठेवलेली बाई करून टाकलंत."

प्रॉडक्शन मॅनेजर जिना चढून धापा टाकत मला हे सांगत होता. मी विचारलं, "कुणाची आई?" तो म्हणाला, "ते त्यांनाच विचारा. लई तापल्यात."

घोडबंदर रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात आमचं शूटिंग चालायचं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी तेव्हा कल्याणला कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि जोडीला या मालिकेची 'इतिहास सल्लागार' होते. पदाचं नाव भारदस्त आहे, त्यावर जाऊ नका. सल्लागाराचं काम म्हणजे स्क्रिप्ट वाचायचं, चुका दाखवायच्या आणि मग त्याच चुका शूट होताना खुर्चीवर बसून बघायच्या. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात निळी प्लास्टिकची बादली दिसत होती म्हणून मी आदल्याच आठवड्यात घसा कोरडा केला होता. "फोकसमध्ये नाहीये हो ती," असं उत्तर मिळालं होतं.

मालिका होती हरणगड संस्थानच्या शेवटच्या महाराजांवर. थोरल्या राणीसाहेबांच्या वारसांनी परवानगी दिली, जुने फोटो दिले, माहितीही दिली. त्या माहितीत महाराजांची बायको एकच. दुसरी जी कुणी होती तिचा उल्लेख 'महाराजांची मर्जी बसलेली बाई' असा. मी स्क्रिप्टच्या समासात तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

खाली आलेल्या बाई म्हणजे सुलभाताई. डोंबिवलीला शाळेत शिक्षिका, वय पन्नाशीचं, मिस्टर वारलेले. 'मर्जी बसलेली बाई' म्हणजे त्यांच्या आई, आणि त्या अजून हयात होत्या. हरणगडहून बाहेर पडल्यापासून मायलेकी डोंबिवलीतच राहत होत्या. पेपरात मालिकेविषयी छापून आलं, त्यात ही 'बाई' वाचली आणि सुलभाताई रजा टाकून तडक आल्या.

"माझी आई लग्नाची बायको आहे," त्या म्हणाल्या. "खांड्याशी लागलेलं असेल, पण लग्न लागलंय."

हा खांडा म्हणजे सरळ, रुंद, दुधारी तलवार. काही संस्थानांत अशी रीत होती की महाराजांचं पहिलं लग्न थाटामाटात व्हायचं, पुढच्या लग्नाला मात्र महाराज स्वतः जायचे नाहीत. मुलीच्या गावी त्यांचा खांडा जायचा. अंतरपाटाच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला खांडा. मंगलाष्टका होत, अक्षता पडत, आणि मुलगी खांड्याबरोबर वाड्यावर येई. तिला खांडाराणी म्हणत. कुठे तिला पूर्ण राणीचा मान असे, कुठे कोर्टांनी तिला बायको मानायलाही नकार दिला. हरणगडात ती लग्नाचीच बायको होती. पट्टराणीपेक्षा पायरी खाली, पण लग्नाची.

मी सुलभाताईंना दिग्दर्शकाकडे नेलं. नाईक त्यांचं नाव. माणूस वाईट नव्हता, फक्त सतत घाईत असायचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोप्पं आहे. दुसरं लग्न दाखवू. हत्तीवरून वरात, नवरा घोड्यावर... नाही, नवरा हत्तीवर. बाई खूश, आपण खूश."

"हत्ती नव्हता. नवराच नव्हता," मी म्हटलं.

"मॅडम, नवरा नाही तर क्लोजअप कुणाचा घेऊ?"

"खांड्याचा घ्या."

"अहो, लोक टीव्ही बंद करतील!"

मला वाटलं सुलभाताई माझी बाजू घेतील. त्या पटकन म्हणाल्या, "हत्तीवरून चालेल. चांगलं दाखवा, बस." आणि बाहेर आल्यावर मला कोपऱ्यात घेऊन खरं कारण सांगितलं.

त्यांच्या मुलीचं, वैशालीचं, कल्याणच्या एका घरी जमत आलं होतं. मुलगा इंजिनीयर. माणसं चांगली, पण घराणं बघणारी. कुळी, मूळ गाव, आजोळ, सगळं खोदून खोदून विचारणारी. आजी हरणगडच्या राणीसाहेब होत्या एवढं सुलभाताईंनी सांगितलं होतं. ते खरंच होतं. खांड्याचं सांगितलं नव्हतं. आता टीव्हीवर आजी ठेवलेली बाई म्हणून आली, तर जमलेलं लग्न मोडणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. लेकावळे, म्हणजे ठेवलेल्या बाईची संतती, एकदा असा शिक्का बसला की आमच्याकडे सोयरीक संपली. लोक शिकले, इंजिनीयर झाले, पण ही मोजपट्टी त्यांनी घरात जपून ठेवली.

"तेव्हा हत्ती असू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीसाठी असू द्या."

मी इतिहासाची शिक्षिका. मला ते पटणं शक्य नव्हतं. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघून माझ्याच्याने नाही म्हणवेना. असू दे तो हत्ती, असं मी मनात म्हटलं.

अडचण दुसरीच निघाली. हयात माणसावरचा प्रसंग, म्हणून निर्मात्यांना सुलभाताईंच्या आईंची, म्हणजे आईसाहेबांची, सही हवी होती. प्रसंग वाचून दाखवायचा आणि सही आणायची. काम माझ्या गळ्यात.

डोंबिवली पूर्वेला, बाजाराच्या मागे त्यांची जागा. दोन खोल्या, स्वच्छ, उन्हाळ्यात तापलेल्या. आईसाहेब पलंगावर ताठ बसल्या होत्या. सत्तरीच्या, डोक्यावर पदर, चेहरा अजून देखणा. मी प्रसंग वाचला. हत्ती आला, चौघडा वाजला, महाराज उतरले. आईसाहेबांनी हात वर केला.

"हे कुणाचं लग्न?"

"तुमचं," मी म्हटलं.

"माझ्या लग्नात महाराज नव्हते. खांडा होता. सुलभा, तू यांना सांगितलं नाहीस?"

"आईसाहेब, टीव्हीत असंच दाखवतात," सुलभाताई म्हणाल्या. "जरा छान दाखवतात. तुम्ही सही करा ना."

"मी सही करणार नाही."

"अहो, वैशूचं ठरतंय! त्यांना काय सांगू मी?"

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"आजी राणी होत्या म्हणून."

"मग ते खोटं आहे का?"

"खोटं नाही..."

"मग घाबरतेस कशाला?"

सुलभाताईंनी डोक्याला हात लावला. वैशाली आतल्या दारात उभी होती. कपड्यांच्या घड्या करता करता तिचे हात थांबले होते.

आईसाहेब माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा. हरणगडात अजून माणसं आहेत. माझ्या लग्नात अक्षता टाकलेली आहेत. त्यांनी हा हत्ती पाहिला की काय म्हणतील? म्हातारी खोटं बोलते म्हणतील. मग माझा खांडाही खोटाच ठरेल. महाराज गेल्यावर नेसत्या लुगड्यानिशी मला वाड्याबाहेर काढलं, तेव्हा माझ्याजवळ दुसरं काय होतं? लग्न लागलं होतं, एवढंच होतं. तेही तुम्ही काढून घेणार?"

सुलभाताई रडायला लागल्या. मी वही मिटली, पाणी प्यायले आणि म्हटलं, "जसं झालं तसं दाखवू."

आता नाईकांशी भांडण माझं होतं, आणि या वेळी मी हट्टालाच पेटले. सही खांड्याच्याच प्रसंगावर मिळेल, नाहीतर तो भाग विसरा, असं सरळ सांगितलं. शेवटी त्यांनी हात टेकले. मी आईसाहेबांना विचारून विचारून प्रसंग लिहून घेतला. सेटवरचं सामान पुरवणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याने पहिल्यांदा वाकडी तलवार आणली, ती मी परत पाठवली. खांड्याला शेला गुंडाळलेला हवा, मुंडावळ्या हव्यात. खांडाराणी मोठ्या दरवाजाने वाड्यात येत नसे, बाजूच्या दरवाजाने येई. हे मी मुद्दामच गाळलं होतं. आईसाहेबांनीच ते परत घालायला लावलं. "तसंच होतं. गाळता कशाला?"

शूटिंगला त्या स्वतः आल्या. गाडी पाठवली होती. खुर्चीवर ताठ बसून सगळं बघत होत्या. नवरीचं काम करणारी मुलगी नवखी होती, मंगलाष्टका सुरू होताच तिने डोळ्यांतून पाणी काढलं. नाईक खूश झाले. आईसाहेब म्हणाल्या, "मी रडले नव्हते."

"मग काय करत होतात?" नाईकांनी विचारलं.

"मांडवाच्या दाराकडे बघत होते. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं खांडा आधी आला, नवरा मागून येतोय. जेवणं उठली तरी मी बघतच होते."

मग नाईक घाईघाईने म्हणाले, "हेच घ्या. हेच हवंय." तसंच घेतलं. अंतरपाट दूर झाला, समोर खांडा, आणि ती मुलगी खांड्याकडे न बघता दाराकडे बघतेय. मला वाईटही वाटत होतं आणि अभिमानही वाटत होता. इतकं बरोबर दाखवलेलं राजघराण्याचं लग्न मी तरी तोवर टीव्हीवर पाहिलं नव्हतं.

तो भाग रविवारी लागला. एकही वाक्य कापलं नव्हतं. मी ठाण्याला माझ्या घरी बघितला. बघता बघता डोळे भरून आले. सोमवारी कॉलेजात सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. मी दिवसभर हवेत होते.

बुधवारी सुलभाताई कॉलेजात आल्या. स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाल्या, "मोडलं."

कल्याणच्या माणसांनी निरोप पाठवला होता. तारीख काढायची होती, ती आता काढायची नाही. कारण दिलं नव्हतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. माणसं इतिहास समजून घेत नाहीत म्हणून असं होतं, समजावलं की समजतील, असा मला तेव्हा विश्वास होता. शिक्षकांना असतो. संध्याकाळी मी कल्याणलाच रामबागेत त्यांच्या घरी गेले. मुलाचे काका बोलायला बसले. कोर्टात कारकुनी करून रिटायर झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. चहा आला, चिवडा आला. मी रीत समजावली. खांड्याशी लागलेलं लग्न हेही लग्नच, हरणगडात तिला राणीचाच दर्जा होता, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण असली लग्नं काही ठिकाणी कोर्टांनीही मानलेली नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच."

"काही ठिकाणी. हरणगडात नाही."

"ते आम्ही कुणाकुणाला समजावत बसू? लग्नात माणसं विचारणार. बाजूच्या दरवाजाने आत नेली, नवरा आलाच नाही, हे सगळ्यांनी बघितलंय. आम्ही तर राणीच समजत होतो हो. तुम्ही दाखवलंत म्हणून कळलं." त्यांनी कप खाली ठेवला. "बाकी दाखवलंत मात्र अगदी व्यवस्थित. घरात सगळ्यांनी बघितलं."

मुलगा आतल्या खोलीत होता. त्याच्या चपला दाराशी होत्या. तो बाहेर आला नाही.

मी तिथून सरळ डोंबिवलीला गेले. सुलभाताईंनी दार उघडलं आणि माझं तोंड बघून काही न विचारता स्वयंपाकघरात गेल्या. आईसाहेबांशी त्या रविवारपासून बोलत नव्हत्या, हे मला नंतर कळलं. वैशाली खिडकीपाशी बसली होती. आईसाहेब मला बघून खुलल्या.

"या बाई, या. हरणगडाहून पत्र आलं. तिथल्या गुरवाच्या घरी सगळ्यांनी मिळून बघितलं म्हणे. लग्न असंच लागलं होतं, असं म्हातारी माणसं म्हणाली. पोरं ऐकत होती. आता कुणी काही म्हणायचं नाही." त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही माझी अब्रू राखलीत. पुन्हा दाखवतील का हो ते?"

वैशाली उठली. आजीजवळ आली, तिच्या डोक्यावरून सरकलेला पदर नीट केला आणि अगदी हळू म्हणाली, "आजी, पुरे गं."

मला तिथे बसवेना. मी निघाले.

त्या मालिकेला पुढे कसलंसं बक्षीस मिळालं, अस्सलपणासाठी. नाईकांनी स्टेजवर माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. वैशालीचं पुढे काय झालं, ते मला विचारवलं नाही. मी सल्लागाराची कामं त्यानंतरही केली. अजूनही कुणी नवं स्क्रिप्ट घेऊन येतं. खांडा सरळ होता की वाकडा, शालू कुठला होता, हे प्रश्न मी मागाहून विचारते. आधी एकच विचारते: यातलं कुणी अजून जिवंत आहे का, आणि त्यांच्या घरी कुणाचं लग्न व्हायचंय का?