दाजींचा न गंजणारा पाइप

प्यो दोक-साम हे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे नवरे. त्यांची आयुष्यात कधी चूक झाली नाही. पोस्टात असताना पत्र हरवलं तर लिहिणाऱ्याचं अक्षर वाईट, घरी कोबीची किमची फार आंबट झाली तर ताईचा हात वाईट. निवृत्तीनंतर त्यांनी जेचोनमध्ये घर बांधायला काढलं आणि थोरला मुलगा म्हणून आईला धाकट्या भावाकडून आपल्याकडे आणायचं ठरवलं. आमच्याकडे कोरियात म्हातारं माणूस जमिनीवर, सगळ्यात उबदार कोपऱ्यात झोपतं. तसा कोपरा ज्याच्या घरी, आई त्याच्या घरी.

फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकायचे होते. दुकानदाराने बजावलं, की साध्या प्लास्टिकमधून हवा हळूहळू पाण्यात झिरपते आणि बॉयलरचं लोखंड गंजतं. हवा अडवणारा थर असलेला पाइप घ्या. दाजींनी त्याला वेड्यात काढलं. पाइपला काय थंडी वाजते, वरून सदरा चढवायला? आणि प्लास्टिक कधी गंजतं का? साधाच पाइप टाकला आणि उरलेला तुकडा दिवाणखान्यात मांडला. आल्यागेल्याला ते तो दाखवत.

तिसऱ्या हिवाळ्यात, ऐन कडाक्याच्या थंडीत बॉयलरने मान टाकली. आतल्या लोखंडाची चाळण झाली होती आणि पाण्याऐवजी काळा गाळ येत होता. फरशी गारठली. ताई आणि तिच्याकडे आलेलं मी, दोघं आईच्या अंगावर रजया घालत होतो, तेवढ्यात दाजी हातोडा घेऊन आले. आईला उठवून त्यांनी नेमका तिचाच कोपरा फोडला, पाइपचा तुकडा कापून उभा चिरला, पुसला आणि तिच्या नाकासमोर धरला. मला त्यांचा इतका राग आला, की हातोडा माझ्या हातात नव्हता हे बरं.

"बघ आई, कुठे डाग तरी आहे? मी म्हटलंच होतं, पाइपला काही होणार नाही."

आईने चष्मा लावून पाइप नीट पाहिला.

"खरंच रे, काही झालेलं नाही. तुलाही कधी काही होत नाही. होतं ते आजूबाजूच्यांना."

मग तिने मला धाकट्याला फोन लावायला सांगितलं आणि कोट घालून दाराशी बसली. बॉयलरवाल्यांचं लोखंडच कसं हलकं होतं, हे दाजी मला गाडी येईपर्यंत समजावत होते. ताईने आईची गादी गाडीत ठेवली, आईला हात धरून बसवलं, आणि मग स्वतःही तिच्याशेजारी जाऊन बसली.