माजी गव्हर्नरांची तीन मिनिटं

समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, डोळे किंचित मिटायचे आणि म्हणायचं, "कन्सिडर इट डन." लंडनच्या एजवेअरमधल्या आमच्या रस्त्यावर तो हात ज्याच्या खांद्यावर पडला नाही, असा माणूस मला आठवत नाही.

हे गृहस्थ मेक्सिकोतल्या एका राज्याचे माजी गव्हर्नर. आपल्याकडच्या राज्यपालांसारखे नव्हेत. तिकडे गव्हर्नर निवडून येतो आणि सहा वर्षं सगळा कारभार त्याच्या हातात असतो. मुदत संपली, मागे चौकशी लागली, तेव्हा ते लेकीकडे, म्हणजे आमच्या शेजारी, राहायला आले. साल दोन हजार चार असावं.

चहाला येत आणि कारकीर्द सांगत. एकदा एका डोंगरातल्या गावात नळाचं उद्घाटन होतं आणि पाइपलाइन अर्धीच झालेली. मग शाळेच्या भिंतीमागे टँकर उभा करून त्याची नळी नळाला जोडली. पाणी आलं, बँड वाजला. सांगताना त्यांना हसू आवरेना.

आईने मला विचारलं, "आणि दुसऱ्या दिवशी?"

मी तिचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या गावात होतो."

पुढच्या वर्षी कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद करायचं काढलं. दर बुधवारी मिनीबस येऊन आईला तिथे नेत असे. सुनावणीत आमच्या इथल्या मराठी मंडळाला बोलायला तीन मिनिटं मिळाली. आई बोलणार असं ठरलं. तिने इंग्रजीतली चार वाक्यं पाठ केली. शेवटचं होतं, बुधवार सोडला तर माझ्याशी दिवसभर कोणी बोलत नाही.

आदल्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी जोशी घरी आले. "अहो, राज्य चालवलेला माणूस शेजारी असताना आजींना कशाला त्रास?"

"त्यांना सेंटर कुठे आहे तेही माहीत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढता."

संध्याकाळी गव्हर्नरांना शाल-श्रीफळ दिलं गेलं. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. कन्सिडर इट डन.

सुनावणीत ते उत्तम बोलले. शाळामास्तर कसा झालो, मग मेयर, मग गव्हर्नर. डोंगरात पाणी कसं नेलं. अध्यक्षबाईंनी मध्येच विचारलं, "आणि डे सेंटर, सर?"

"तिकडेच येतोय," ते म्हणाले आणि रस्ते कसे बांधले त्याकडे वळले. घंटा वाजली. त्यांनी वाकून सभेला अभिवादन केलं. टाळ्या जोशींनी सुरू केल्या.

परतीच्या बसमध्ये आईने ती चार वाक्यं हळू आवाजात, ओळीने म्हणून टाकली. जोशी समोरच्या सीटवर होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सेंटर बंद झालं. काही महिन्यांनी तिकडे मेक्सिकोत त्यांच्या पक्षाचे दिवस पालटले आणि गव्हर्नर परत गेले. जाताना आमचा निरोप घ्यायचं राहून गेलं. लेकीने दारात चॅरिटीच्या पिशव्या ठेवल्या होत्या. वरच्या पिशवीत मंडळाची शाल होती, घडीही न मोडलेली. मी विचारून ती घरी आणली.

आई अजून बुधवारी सकाळी कोट घालते आणि खिडकीशी बसते. ती शाल गुडघ्यांवर असते.