बंदुकीवरचा लाल ठिपका

माझे बाबूजी कोणाचं ऐकत नाहीत, आणि मी त्यांचीच लेक. त्यामुळे आमच्या घरात चर्चा होत नाही, थेट भांडण होतं. गेल्या वर्षी भांडणाला बंदुकीचा विषय मिळाला.

आमचं गाव आमगावपासून थोडं आत. धान पिकायला लागलं की रानडुकरं बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांत, शिरतात आणि एका रात्रीत उभं पीक लोळवतात. बाबूजींकडे पीक राखायच्या परवान्यावरची जुनी राइफल आहे. वनखात्याची परवानगी आली की गाव त्यांनाच बोलावतं. सत्तरी ओलांडल्यावरही आपल्यावाचून गावाचं अडतं, याचं त्यांना फार अप्रूप. पण त्या दिवसांत शेतात माणसंही जागलीला असतात, कोणी मचाणावर, कोणी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर. आणि अलीकडे बाबूजींचा नेम चुकू लागला होता. हे मला कोणी सांगितलं नाही, त्यांच्याच बोलण्यावरून मी ओळखलं. एक दिवस त्यांचाच फोन आला, "बाई, लाल ठिपक्याची दुरबीन भेटते म्हणते. पाहून ठेव बरं."

मी फुलचूरला राहते, शाळेत शिकवते. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मोबाइलवर वाचून समजलं ते एवढंच, की ती दुरबीन नव्हेच, तिच्यातून काही मोठं दिसत नाही. जुन्या राइफलीवर मागची खाच, नळीच्या टोकावरचा मणी आणि समोरचं निशाण एका ओळीत धरावं लागतं, आणि उतारवयातल्या डोळ्यांना ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. नेम धरायच्या या नव्या साइटमध्ये काचेत एक लाल ठिपका उजळतो. तो निशाणावर ठेवला की झालं.

राइफल घेऊन आम्ही दोघं नागपूरच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तीन साइट काढून ठेवल्या. एक नळीसारखी बंद, एक उघड्या खिडकीसारखी, आणि एक मोठ्या ठिपक्याची. "अंकल, दोनों आँखें खुली रखिए," तो म्हणाला. बाबूजींनी जन्मभर डावा डोळा मिटून नेम धरलेला. "एक डोरा मिटल्याबिगर नेम कसा लागन?" असं त्यालाच दरडावून त्यांनी नळी डोळ्याला लावली आणि लगेच परत केली. "हा ठिपका फुटला आहे. दुसरी दाखवा."

दुसरीतला ठिपकाही फुटलेला निघाला. मग मी पाहिलं. मला तो मोहरीच्या दाण्यासारखा गोल दिसला. दुकानदाराने उजेड कमी केला, मग आणखी कमी केला. बाबूजींना तो एका बाजूने झाडूसारखा पसरलेलाच दिसत राहिला. शेवटी दुकानदार हळूच म्हणाला, "डॉट गोल ही है अंकल. एक बार आँखें दिखा लीजिए."

"ऐकलं का? आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"मी साइट घ्याले आलो, डोरे दाखवाले नाही."

त्यांनी मोठ्या ठिपक्याची घेतली. लांबचं जनावर या ठिपक्याखाली झाकून जातं, असं दुकानदाराने बजावलं, तर म्हणे आमचं डुक्कर जवळच येते. साइट राइफलीवर बसवून घेतली आणि परतीच्या वाटेवर मी खिडकीकडे तोंड करून बसले. मला राग आला होता असं मी घरी सांगितलं. खरं तर मला भीती वाटत होती.

दसऱ्याला आमच्याकडे नांगराचा फाळ, विळे, फावडं धुऊन पाटावर मांडतात. त्यांच्यासोबत बंदूकही असते, रिकामी. मायनं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. नव्या साइटला कुंकू लावायचं कुठे, याचा तिने जरा विचार केला आणि मधोमध काचेवरच बोट टेकवलं. तिच्या लेखी तेच त्या वस्तूचं कपाळ. मी काही बोलणार होते, पण पूजेत मोडता कशाला घालायचा.

आरती झाल्यावर बाबूजींनी राइफल उचलली आणि अंगणातल्या कडुलिंबावर नेम धरला. बराच वेळ पाहत राहिले. "आता कसा बराबर दिसून राहिला," ते म्हणाले. "गोल. दुकानातल्या उजेडाचाच घोळ होता."

साइट बंद होती. बॅटरी मीच काढून ठेवली होती.

 ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने काच पुसली, दुपट्ट्याला लागलेलं कुंकू पाहिलं आणि राइफल माझ्यापुढे धरली. मी बॅटरी घातली, बटण दाबलं. त्यांनी पुन्हा कडुलिंबाकडे पाहिलं, आणि बंदूक पाटावर ठेवली.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला येऊ लागले. पहिले आले ते शेजारचे काका. त्यांचं शेत आमच्याला लागून आहे. आपट्याची पानं हातात धरूनच ते म्हणाले, "भाऊ, डुकरं येऊन राहिले. परवानगी बी आली. उद्या येता नं?"

बाबूजी टाळतील, असं मला वाटलं. मग मलाच बोलावं लागलं असतं, आणि सणाच्या दिवशी बापाला चारचौघांत उघडं पाडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"मले आता दिसत नाही," बाबूजी म्हणाले.

काका हसले. "तुमाले नाही दिसत, तं गावात कोणाले दिसते?"

"आयकून घे. मागच्या साली तू धुऱ्यावर बसला होता. मी तुले डुक्कर समजलो. नेम धरला होता तुह्यावर. तू खोकलला म्हणून वाचला." बाबूजींनी बंदुकीकडे हात केला. "कोणाले सांगतलं नाही. हिच्या मायलेही नाही. त्याच्यासाठीच हे लाल ठिपक्याची आणली."

माय दारात उभी होती, ती तिथेच खाली बसली. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते पाटावरच्या बंदुकीकडे पाहत उभे राहिले, आणि आता हे उलट पावली निघून जातील असं मला वाटलं. मग त्यांनी बाबूजींचा हात धरून त्यात पानं ठेवली आणि वाकून पाया पडले.