शेवटच्या रिळातला तुकडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही — तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मुलाला नाही. तुम्ही मला ओळखत असाल तर रविवारच्या सदरामुळे. घोड्यांच्या इंग्रजी सिनेमांवर लिहिणारा नागपूरचा म्हातारा म्हणून. तेव्हा तुम्हालाच सांगतो. ज्याला सांगायला हवं होतं तो माणूस आज नाही, हे आधीच लिहून ठेवतो. म्हणजे मी काही फार मोठं धाडस करतो आहे असा तुमचा समज व्हायला नको.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळात एक डिस्क आली. आमचं मंडळ म्हणजे बारा-पंधरा निवृत्त माणसं, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लक्ष्मीनगरातल्या एका हॉलमध्ये जमून जुने सिनेमे बघणारी. एका सभासदाच्या मुलीने परदेशातून ती पाठवली होती. जाड खोका, आत चकचकीत पुस्तिका. मूळ निगेटिव्ह कुठे सापडली, एकेक चित्र कसं धुऊन-पुसून घेतलं, काहीही न गाळता सिनेमा कसा पुन्हा उभा केला — सगळं त्यात लिहिलेलं. आम्ही पन्नासेक वर्षांपूर्वी नागपूरच्या सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये पाहिलेला सिनेमा. शेवटी तो बंदूकवाला जळून गेलेल्या घराच्या उंबऱ्यावर बसतो, बूट काढतो, आतली वाळू झाडतो. आधी एक, मग दुसरा. पुन्हा बूट घालतो आणि निघतो. एक शब्द नाही, संगीत नाही, नुसता वारा. चाळीसेक सेकंदांचा प्रसंग.

दिवे लागले तसे एकजण म्हणाले, "हा सीन आपण तेव्हा शेवटच्या दिवशी पाहिलाच नव्हता ना हो? तुमच्या त्या ऑपरेटरने कापला होता तो. सांगा ना किस्सा, नवीन मंडळी आहेत आज."

आणि मी सांगितला. कितव्यांदा, कोण जाणे.

किस्सा असा. टॉकीजचा ऑपरेटर, वरच्या केबिनमध्ये मशीन चालवणारा चरणदास. त्याने सिनेमाचा तुकडा कापून कुणाला तरी दिला, पुन्हा चिकटवताना घोळ केला, भर खेळात फिल्म तुटली, पडदा पांढरा झाला. मॅनेजरने पकडल्यावर हा गडी जोडलेली जागा हातात धरून म्हणतो — इथे मी आवाज बदलतो, मान थोडी वाकडी करतो — "हा जॉइंट माहा नाही, साहेब." लोक हसतात. नेहमी हसतात. सदरातही दोनदा लिहिला आहे मी हा किस्सा, एकदा तर हेच वाक्य मथळा होतं.

त्या दिवशीही हसले. मागच्या रांगेत साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या, त्या हसल्या नाहीत. सगळे चहाकडे गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सर, मी सुनंदा. काटोलला जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आता इथंच नागपुरात, मुलाकडे इंदोऱ्याला राहते. चरणदास माझे बाबा."

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.

"तुमचं सदर मी वाचते. लिहिता चांगलं. पण बाबा जन्मभर म्हणत, तो जॉइंट माझा नव्हता. मंग कोणाचा होता? तुम्ही तर रोज केबिनमध्ये राहत होते, बाबाच सांगत. तुम्हाला काही माहीत असन."

मी म्हणालो, "फार जुनी गोष्ट आहे हो. आठवत नाही."

आठवत नाही. शहात्तराव्या वर्षी, त्या माणसाच्या मुलीच्या तोंडावर. मला त्या सिनेमातल्या प्रत्येक घोड्याचा रंग आठवतो.

आता खरं काय ते लिहितो. इथून पुढे मी चरणदासजी म्हणणार आहे. तेव्हा म्हणत नव्हतो. ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे होते, मला 'भाऊ' आणि 'तुम्ही' म्हणायचे. मी त्यांना नुसतं चरणदास आणि तू म्हणायचो. महाल भागातल्या आमच्या घरात असंच शिकवलं होतं, आणि ते मला कधी खटकलंही नाही. हेही त्या गुन्ह्यातच धरा.

मी तेव्हा सरकारी कचेरीत नवा लागलेला कारकून. सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागायचे. केबिनमध्ये बाहेरच्या माणसाला सोडायची सक्त मनाई, तरी चरणदासजी मला वर घ्यायचे. "या भाऊ, आज घोडेवालं आहे. बसा, पण त्या लोखंडाले हात नका लावू, भाजते." त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी संवादांचे अर्थ सांगायचो आणि ते माझी चेष्टा करायचे — "ते मले तोंड पाहूनच समजलं गा भाऊ. तो टोपीवाला आता मरते पाहा." आणि तो मरायचा. एकही शब्द न कळता त्या माणसाला सिनेमा माझ्यापेक्षा जास्त कळत होता. माझ्या सदरातली निम्मी निरीक्षणं त्या केबिनमधली आहेत. त्यांचं नाव मी कधी दिलं? दिलं — त्या किश्शात.

फिल्म तुटली की जोडायची कशी, हेही त्यांनीच मला दाखवलं होतं. टोकावरचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, आधी पात्याने खरवडायचा, मग चिकटवायचा द्रव लावायचा, मग दाबून धरायचं. खरवडलं नाही तर जोड वरवर धरतो आणि मशीनमध्ये सुटतो. दहादा सांगितलं असेल.

तो सिनेमा आठवडाभर होता. सोमवारपासून मी तीनदा पाहिला आणि त्या बूट झाडण्याने मला वेड लावलं. आज कुणीही पोरगं अख्खा सिनेमा खिशात घालून फिरतं. तेव्हा सिनेमा आपला होण्याचा एकही मार्ग नव्हता. रविवारी शेवटचा खेळ झाला की डबे रेल्वेत चढणार आणि ते चित्र जन्मात पुन्हा दिसणार नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. हॉलमधल्या हजार माणसांनाही ते पुन्हा दिसणार नव्हतं. त्यांनी कात्री उचलली का?

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. मी टॉकीजवर गेलो तेव्हा खेळ संपला होता. चरणदासजी रिळं उलटी गुंडाळत होते. शेवटचं रीळ टेबलावर होतं. खालून मॅनेजरने हाक मारली. "भाऊ, बसा, आलोच," म्हणून ते गेले. मला एकट्याला सोडून गेले, कारण मी होतो. दुसरं कुणी असतं तर कुलूप लावून गेले असते.

दहा मिनिटं. मी तो प्रसंग शोधला, कापला, दोन टोकं चिकटवली. खरवडायचं — विसरलो? घाई होती? खरं सांगू, मला आठवलं होतं. पण पात्याला वेळ लागला असता आणि जिन्यावर पावलं वाजली. तुकडा गुंडाळून जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवला. ते आले, मी दोन मिनिटं बोललो आणि निघालो. काय बोललो? हवेबद्दल काहीतरी.

रविवारी मी वर गेलो नाही. खाली प्रेक्षकांत बसलो. शेवटच्या रिळात जोड सुटला, पडदा पांढरा झाला, शिट्ट्या सुरू झाल्या. वितरकाचा माणूस त्या दिवशी हॉलमध्येच होता. बारा गावांत त्याने तो सिनेमा पाहिलेला. खेळ पुन्हा सुरू झाला तसा त्यानेच विचारलं, बूट झाडायचा सीन कुठे गेला?

मला मॅनेजरच्या खोलीत बोलावलं ते चरणदासजींनी. साक्षीला. "हे भाऊ काल इथं होते, साहेब. यायले विचारा." मॅनेजरने मला खुर्ची दिली. त्यांना उभं ठेवलं होतं. त्याने विचारलं, "तुम्ही होता का काल केबिनमध्ये?"

मी म्हणालो, "मी काल आलोच नाही."

बस, हेच. चार शब्द. चोरी परवडली असती.

चरणदासजींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहणं सोडून त्यांनी फिल्म मॅनेजरपुढे धरली. "हा जॉइंट माहा नाही, साहेब. खरवडलंच नाही पाहा. बारा वर्सं झाले मले, मी असा जॉइंट करीन काय?" किती साधा पुरावा होता. मॅनेजर, वितरकाचा माणूस आणि मी, तिघांपैकी एकानेही वाकून पाहिलं नाही. मॅनेजर म्हणाला, "चोराले कायले पायजे खरवडा-खरवडी? तुकडा इकून टाकला असन." वितरकाचा माणूस हसला. मीही — इथे थांबतो आहे, पण लिहितो — मीही हसलो.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांना कळलं नसेल? जोड पाहताच कळलं असणार. फिल्म जोडणं त्यांनी शिकवलेला दुसरा माणूस नव्हता. पण इस्त्रीच्या शर्टातल्या कारकुनाने केलं असं ते म्हणाले असते तर कुणी ऐकलं असतं? नागपुरात? आणि आजही नाही. ही माझी मंडळी, चष्मे लावून आस्वाद घेणारी, ह्यांतल्या एकाने इतक्या वर्षांत विचारलं का, की बारा वर्षांचा ऑपरेटर इतका कच्चा जोड कसा करेल? 'हे ऑपरेटर लोक म्हणजे' असं म्हणून मान हलवली की झालं. मला त्यांचा राग येतो. तो राग करायचा अधिकार मला नाही, तरी येतो. किस्सा मी रचला, आणि तो रचायला किती कमी मेहनत लागली, याचाच जास्त येतो.

त्यांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. मॅनेजरने इतर टॉकीजना कळवलं. शहरात त्यांना पुन्हा केबिन मिळाली नाही. पुढे काय झालं ते मी चौकशीच केली नाही; सुनंदाताईंनी हॉलमध्ये सांगितलं तेव्हा समजलं. एक मोसम फिरत्या टॉकीजबरोबर, नंतर काटोलच्या संत्रा बाजारात रखवालदार, शेवटपर्यंत.

आणि तो तुकडा? बल्बसमोर धरून दोन-तीनदा पाहिला. चित्रं हलत नाहीत, नुसता एक माणूस शेकडो वेळा बसलेला. बिस्किटाच्या डब्यात घालून माळ्यावर टाकला. व्हिडिओ कॅसेटी आल्या तेव्हा सीताबर्डीच्या लायब्ररीतून तो सिनेमा आणला. टीव्हीच्या चौकटीत बसवायला कंपनीने चित्राच्या दोन्ही कडा छाटल्या होत्या. बूट दिसत होता, माणूस दिसत नव्हता. मी संतापून सदरात लिहिलं, ही कलेची हत्या आहे. मी लिहिलं. त्याच आठवड्यात माळ्यावरचा डबा उघडला तर आंबूस वास आला, फिल्म चिकटून गोळा झाली होती. कचऱ्यात टाकली. आणि पुढच्या रविवारी, सदराला विषय हवा म्हणून, पहिल्यांदा तो किस्सा लिहिला.

का? मला भीती नव्हती, कुणी विचारत नव्हतं. गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण किस्सा रंगतदार होता. लोक म्हणतील, तेव्हा तुमचं वय लहान होतं. किस्सा लिहिला तेव्हा मी चाळिशीत होतो. मागच्या महिन्यात शहात्तर.

तर नोंद अशी: तुकडा मी कापला. जोड मी केला. मॅनेजरसमोर खोटं मी बोललो. चरणदासजींचा यात काही संबंध नव्हता, मला विश्वासाने आत घेतलं एवढाच.

इथवर लिहून झालं ते घेऊन काल इंदोऱ्याला गेलो. छापायच्या आधी सुनंदाताईंनी वाचावं म्हणून. त्यांनी बसा म्हटलं, पाणी दिलं, चष्मा लावला आणि शाळेच्या वह्या तपासतात तसं एकेक पान वाचलं. एका ठिकाणी बोट थांबलं. "इथं बारा लिहिलं तुम्ही. चौदा वर्षं होती बाबांची." मी पेन काढलं. त्या म्हणाल्या, राहू द्या.

वाचून झाल्यावर पानं नीट जुळवून त्यांनी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "बाबांचं काय, त्यायले माहीतच होतं. पण आई शेवटपर्यंत बाबांना म्हणे, तुमच्याच हातून झालं असन, एकदा कबूल तर करा. यावरून दोघं भांडत. बाबा गेल्यावरही ती तेच म्हणे." चष्मा काढून त्यांनी मिटून ठेवला. "आई आत्ता गेली, मागच्या पोळ्याला. तुम्ही वर्षभर आधी यायचं होतं."

मी हो म्हणालो. त्या उठल्या, दार उघडून धरलं, आणि मी बाहेर पडलो.