बुडबुड्यांची दुपार

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, तेव्हा मी पालघरच्या एका दवाखान्यात नर्स होते. एका दुपारी दम लागलेल्या म्हाताऱ्या मच्छीमाराला आम्ही ऑक्सिजन लावला. सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठू लागले. त्याच्या बायकोने उशाशी निरांजन ठेवून काडेपेटी काढली. मी तिचा हात धरला.

“मावशी, इथे काडी ओढू नका. ऑक्सिजनजवळ आग भडकते.”

“मंग देवाला दिवा कुठं लावू?”

मी तिला लांब विहिरीच्या कट्ट्यावर नेलं. दिवा लावून आल्यावर ती डोळे मिटून बुडबुडे ऐकत बसली. मलाही खोली संथ पाण्यावर डोलतेय असं वाटू लागलं.

उन्हं कलली तेव्हा त्याने डोळे उघडले.

“आपुन होडीत हाय का?”

“नाय, दवाखान्यात,” म्हणत ती रडता रडता हसली.